हृदयाला शॉक देणारे यंत्र : आधी काही सेकंद का लागतात?

रुग्णाच्या छातीवर पॅड लावलेले असतात, तरी शॉक लगेच बसत नाही. नातेवाइकांना तो उशीर वाटतो. त्या वेळात यंत्रातला कपॅसिटर भरत असतो आणि तो भरेपर्यंत छाती दाबणे चालूच ठेवायचे असते.

कपॅसिटर तुम्ही पाहिलेला आहे. पंख्यात, विहिरीवरच्या मोटारीला तो असतो. काही जण त्याला कंडेन्सर म्हणतात. इथे मात्र त्याचे काम साठवणीचे आहे. पारनेर-पाथर्डीकडे बोअरचे पाणी बारीक धारेने आले, तर ते आधी टाकीत साठवतात आणि मग एकदम सोडतात. बॅटरी ही ती बारीक धार, कपॅसिटर ही टाकी.

१०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २००० व्होल्टपर्यंत भरला, की त्यात २०० ज्यूल ऊर्जा साठते. वीस किलोचे पोते मीटरभर उचलायला साधारण तेवढीच लागते. पण ती १० मिलिसेकंदांच्या आसपास बाहेर पडते, म्हणून तिचा जोर मोठा. नुसते थरथरणाऱ्या हृदयाचे स्नायू त्यामुळे क्षणभर एकदम थांबतात आणि नैसर्गिक ठोक्याला पुन्हा सुरू होण्याची संधी मिळते. मॉनिटरवर सरळ रेष असेल तर शॉक देत नाहीत. सिनेमात दाखवतात ते चुकीचे आहे.

‘दूर व्हा’ म्हटल्यावर मात्र रुग्णाचा हातही धरून ठेवू नका.

छातीत कातडीखाली बसवलेल्या आयसीडीतही हेच घडते. जेमतेम तीन व्होल्टच्या बॅटरीवर तिचा कपॅसिटर सातशे-आठशे व्होल्टपर्यंत भरतो, शॉक ३० ते ४० ज्यूलचा असतो. भरायला दहाएक सेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात रुग्णाला चक्कर येऊ शकते. म्हणून विहिरीच्या काठावर एकटे बसू नका. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. वेल्डिंगचे काम असेल तर तेही सांगा. शॉकच्या वेळी घरच्यांचा हात लागला, तर फार तर हलका झटका जाणवेल; इजा होत नाही.

एकच शॉक बसला आणि बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ शॉक बसले, छातीत दुखले, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर थेट १०८ लावा. फोनवर ‘आयसीडी बसवलेली आहे’ हे आधी सांगा आणि यंत्राचे कार्ड सोबत घ्या.