गडावरील दारूखाना
स्वसंरक्षणार्थ बाळगलेली दारू धन्याच्याच घरावर उलटू नये, आणि तरीही गनीम पायथ्याशी येताच ती तत्काळ हाताशी यावी, या दुहेरी चिंतेचा सूक्ष्म विचार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात केलेला आढळतो. दारूखाना घरांपासून अलग असावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुनश्च मोहोर करून ठेवावी. अहोरात्र चौकी असावी आणि परवानगीवाचून कोणास जवळ फिरकू देऊ नये, असा तो बंदोबस्त. सर्दावलेली दारू ऐन प्रसंगी पेट घेत नाही, हे जाणणाऱ्या मुत्सद्द्याची ही तजवीज मला तटबुरुजांइतकीच मोलाची वाटते. दारूखाना घरांपासून अलग का हवा, हे पुढे सिंहगडावर दिसून आले: तेथे ११ सप्टेंबर १७५१ रोजी दारूकोठारावर वीज कोसळली, तेव्हा गडाच्या फडणिसांचे घर आतल्या माणसांसह नष्ट झाले.