ओल, ठिणगी आणि दोषारोप

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' या कल्पनेचा विचार केला. आज तोच विचार एका अगदी साध्या प्रश्नावरून पुढे नेऊ : पावसाळ्यात गाडी सुरू का होत नाही? तत्त्वज्ञानाच्या माणसाने बॉनेट कशाला उघडावं, असं काहींना वाटेल. पण या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू.

आम्ही तेव्हा चिपळूणला शिकवत होतो. विषय तर्कशास्त्र. जवळ एक सेकंड हँड गाडी. जुलैतल्या एका शनिवारी गॅरेजमधल्या पोराने तिचे प्लग बदलले. सोमवारी सकाळी धो धो पाऊस, परीक्षेची वेळ, आणि गाडी सुरू होईना. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. आम्ही तडक गॅरेजवर गेलो आणि चार माणसांसमोर त्या पोराला बोललो. प्लग बदलले आणि गाडी बंद पडली, आणखी काय पुरावा हवा? मालकाने प्लगचे पैसे त्याच्या पगारातून कापले आणि आठवड्याभरात त्याला काढूनही टाकलं. हे प्रकरण तूर्त इथेच ठेवू आणि इतिहासाकडे वळू.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ती हवी तेव्हा आणि हवी तिथे पाडणं हा सुरुवातीच्या मोटारींपुढचा मोठा पेच होता. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी पद्धत बसवली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेवर चालणारा सेल्फही आला आणि हँडल मारण्याचे दिवस सरू लागले. केटरिंग यांची ती रचना, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर, थोड्याफार फरकाने पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर टिकली. आपल्याकडच्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनी याच घराण्यातल्या.

तिचं काम असं चालतं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली रोटर फिरतो आणि एकेका प्लगला त्याच्या पाळीप्रमाणे करंट वाटतो. प्लगच्या टोकाशी जी फट असते, तिच्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलेलं असतं. ते भेदून उडी मारणं विजेला अवघड जातं. म्हणून तिला दुसरी सोपी वाट मिळाली की ती तिकडे वळते. कॅपवर धूळ, तेलाचा चिकटा आणि त्यावर दमट हवेचा पातळ थर बसला की अशी वाट तयार होते. शुद्ध पाणी विजेचं फारसं चांगलं वाहक नसतं. खरी वाट देतात ती त्यात मिसळलेली घाण आणि क्षार. एकदा अशी गळती झाली की कॅपवर कोळशाची बारीक रेघ उमटते. मग कॅप पुसली तरी ती रेघ राहते आणि पुढच्या ओलीला आयता रस्ता मिळतो. त्यात सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब उतरतो, म्हणजे जेव्हा ठिणगी सर्वांत जोरदार हवी तेव्हाच ती सर्वांत अशक्त असते.

हा दोष केवळ गरिबीचा किंवा जुन्या गाडीचा नव्हता. २६ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लंडमध्ये 'मिनी' बाजारात आली. अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून एवढ्याशा गाडीत चार माणसांची सोय केली. चाचणीच्या गाड्यांत इंजिनाचं तोंड उलट दिशेला होतं. ते फिरवल्यावर डिस्ट्रिब्युटर नेमका समोरच्या जाळीमागे आला आणि पावसाचे फवारे थेट त्यावर बसू लागले. पुढे त्याला आडोसा द्यावा लागला. कित्येक मालकांनी तर रबरी हातमोज्याची बोटं कापून त्यातून वायरी काढल्या आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवला! आमच्या कोकणात हेच काम सायकलच्या जुन्या ट्यूबने केलेलं आम्ही पाहिलं आहे. बुद्धी दोन्हीकडे सारखीच.

आता पुन्हा चिपळूणला येऊ. आमची गाडी पुढचे पंधरा दिवस कधी सुरू व्हायची, कधी नाही. शेवटी शेजारचे एक म्हातारे मेस्त्री रात्री घरी आले. म्हणाले, "सर, दिवे बंद करा आणि सेल्फ मारा." अंधारात बॉनेटखाली पाहिलं, तर कॅपवरून निळे धागे सरपटत होते. कॅपला केसाएवढी चीर होती. मेस्त्रींनी कोरड्या फडक्याने कॅप आतून-बाहेरून पुसली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. नवे प्लग उत्तम होते.

आमचं चुकलं कुठे? अलीकडची घटना म्हणजे कारण, असं आम्ही धरलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आम्ही कावळ्याला पकडलं. आपले नैयायिक अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतींचं मर्मही जवळपास तेच आहे. प्लग नवे असतानाच गाडी कोरड्या दुपारी सुरू होत होती, ओल्या सकाळी होत नव्हती. म्हणजे बदलत होती ती ओल, प्लग नव्हे. हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत होतो आणि दारात उभ्या गाडीला लावत नव्हतो.

म्हणून जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो. सेल्फ मंद फिरतो का? तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं पाहा. जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? मग सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. स्विच बंद करून कॅप, रोटर, वायरी आणि कॉइलचं तोंड कोरडं करा. चीर किंवा काळी रेघ दिसली तर कॅप बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही. तरीही सुरू होत नसेल तर पेट्रोल येतं का ते पाहा. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतो. त्यांच्या वायरी मात्र उपसू नका. त्यातला करंट जोरदार असतो आणि अंगावरही येऊ शकतो.

या दोषाची एक खोड लक्षात ठेवा. इंजिन तापलं की ओल वाळते आणि पुरावा नाहीसा होतो. गॅरेजवर पोचेपर्यंत गाडी सज्जन झालेली असते. मग दोष कुणाच्या तरी माथी मारणं फार सोपं जातं, आणि ते माथं बहुधा सगळ्यांत लहान माणसाचं असतं.

नवी कॅप बसवल्यावर आम्ही गॅरेजवर गेलो. मालकाला सगळं सांगितलं. कापलेले पैसे आमच्याकडून घ्या आणि त्याला परत बोलवा, म्हणालो. तो म्हणाला, "तो मुंबईला गेला, सर. पत्ता नाही." पुढे आम्ही वर्षानुवर्षं हे उदाहरण वर्गात सांगितलं. कॅपची गोष्ट सांगताना मुलं हसायची. पोराची गोष्ट सांगितली की वर्ग शांत व्हायचा. कार्यकारणभावातली चूक ही नुसती बुद्धीची चूक नसते, तिची किंमत कुणीतरी मोजत असतं, हे आम्हाला कुठल्या ग्रंथाने नाही, त्या पावसाळ्याने शिकवलं.

आज इथे थांबू.