पोर्ट-प्रवेश नियंत्रण

हार्डवेअर पोर्टला कोणत्या प्रोसेसने हात लावायचा, हे ठरवणारी कर्नलमधील व्यवस्था. इंटेल ८०३८६ (१९८५) पासून प्रोसेसरच तिला आधार देतो: ६५,५३६ पोर्टांसाठी प्रत्येकी एक बिट, म्हणजे ८ किलोबाइटचा नकाशा. बिट ० असेल तर वाट मोकळी. १ असेल तर प्रोसेसर अडवतो. भोसरी एमआयडीसीत नित्याची असलेली सीएनसी यंत्रे घ्या. लिनक्ससीएनसी हा प्रोग्रॅम समांतर पोर्टातूनही अशी यंत्रे चालवते. त्या पोर्टाचा पत्ता बहुधा षोडशमान ३७८. तिथे लिहिलेल्या बाइटचे आठ बिट म्हणजे आठ तारा, आणि तारेवरच्या प्रत्येक ठोक्याला स्टेपर मोटर एक पाऊल फिरते. भलत्याच प्रोग्रॅमने तिथे बाइट टाकला, तर हत्यार जॉबमध्ये घुसू शकते. म्हणून लिनक्समध्ये ‘आयओपर्म’ या सिस्टम कॉलने मोजक्याच पोर्टांची परवानगी मागावी. ‘आयओपीएल’ सरसकट मुभा देते. पूर्वी तिने इंटरप्टही बंद करता येत. लिनक्स ५.५ (२०२०) ने ती सवलत काढून घेतली, हे योग्यच झाले.