पिकअपच्या वायपरचे रबर : पावसाआधीचे अर्ध्या तासाचे काम

मृगाची पहिली जोरदार सर कोसळली, की स्पेअर पार्टच्या दुकानांत वायपरच्या रबराची मागणी एकाएकी वाढते. आठ महिने ज्या वस्तूकडे कुणी ढुंकूनही पाहिलेले नसते, ती त्या दिवशी सर्वांनाच तातडीने हवी असते. खरे तर हे काम मे महिन्यातच उरकावयास हवे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा ही त्यासाठी योग्य वेळ ठरते.

सर्वच मोटारींना वायपर असतो. पण पिकअपच्या बाबतीत या रबराचे महत्त्व अधिक आहे. नाशिक, जुन्नर या भागांतली भाजी घेऊन निघालेली पिकअप कसारा किंवा माळशेजचा घाट बहुधा रात्री अथवा पहाटे उतरते. शहरातल्या वाचकाच्या दारात सकाळी जी ताजी भाजी येते, तिच्यामागे पावसात काढलेला असा रात्रीचा प्रवास असतो. पाठीवर एक-दीड टन माल, समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे आणि काचेवर पाण्याचा पडदा, अशा स्थितीत चालकाची दृष्टी रबराच्या एका अरुंद कडेवर अवलंबून असते.

थोडा हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. झिजलेल्या वायपरमुळे चालकाला दोन सेकंद रस्ता नीट दिसला नाही, तर तेवढ्या वेळात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागून गाडी थांबण्याचे अंतर यानंतर सुरू होते.

रबर नेमके काय करते?

वायपरचे तीन भाग असतात. मोटारीच्या जोरावर हलणारा दांडा म्हणजे आर्म, त्याच्या टोकाला अडकवलेला धातूचा सांगाडा म्हणजे ब्लेड आणि त्या सांगाड्याच्या नख्यांमध्ये सरकवून बसवलेली रबराची पट्टी. काचेला स्पर्श करावयाचा असतो तो केवळ या पट्टीने. आर्ममधली स्प्रिंग ब्लेडला काचेकडे दाबते, सांगाड्याच्या कमानी तो दाब लांबीभर सारखा वाटून देतात आणि रबराची कड पाणी ओढून नेते.

ही कड काचेवर सरळ उभी राहत नाही. ती हालचालीच्या उलट दिशेला कलते आणि फेरी उलटताच स्वतःही उलटते. रबर मऊ असेल तर हे उलटणे अलगद होते. ते कडक झाले असेल तर कड एकाच बाजूला कललेली राहते. एका दिशेने काच स्वच्छ पुसली जाते आणि परतीच्या फेरीत ब्लेड थडथड उड्या मारते.

काच पुसण्यासाठी रबर वापरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १० नोव्हेंबर १९०३ रोजी ज्या वायपरचे पेटंट मिळाले, त्यातही आतून हाताने फिरवावयाचा दांडा आणि बाहेर रबराची पट्टी अशीच रचना होती. पुढे हाताची जागा विजेच्या मोटारीने घेतली. रबराचे काम मात्र तेच राहिले.

रबर खराब का होते?

रबराची झीज पावसाळ्यात होते तशी ते उन्हाळ्यातही खराब होत असते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या तापलेल्या काचेला रबर दिवसभर चिकटून असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील ओझोन यांमुळे ते हळूहळू कडक होते व त्याला बारीक चिरा पडतात. त्यातच खडी, विटा, वाळू वाहणाऱ्या गाड्यांच्या काचेवर धूळ साचते. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरवला, की धुळीचे कण रबराची कड कापतात आणि काचेवरही ओरखडे उमटवतात. म्हणूनच वर्षभरात गाडी फार चाललेली नसली, तरी रबर जुने होते.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रथम ओल्या फडक्याने रबराची कड पुसून घ्यावी. पुष्कळदा दोष रबराचा नसून त्यावर बसलेल्या काळ्या थराचा असतो. पुसल्यानंतरही पुढील लक्षणे दिसली, तर रबर बदलावे.

* प्रत्येक फेरीत एकाच जागी पाण्याची बारीक रेघ राहते. त्या ठिकाणी कड तुटलेली अथवा चिरलेली असते.
* बोटाने वाकवल्यावर कड सहज परत येत नाही, किंवा तिच्यावर चिरा दिसतात.
* रबराचे टोक नखीतून सुटून लोंबू लागले आहे. येथे एक दिवसही थांबू नये. सुटलेल्या रबरामागची धातूची नखी काचेवर कायमचा अर्धवर्तुळाकार ओरखडा काढते.

ही तपासणी शक्यतो रात्री, समोर दिवा असताना करावी. दिवसा नजरेत न भरणारी रेघ समोरच्या दिव्यांच्या प्रकाशात चमकते आणि सगळा रस्ता तिच्यामागे झाकला जातो.

खरेदी करताना

धातूचा सांगाडा सुस्थितीत असेल, तर संपूर्ण ब्लेड घेण्याची आवश्यकता नसते. दुकानात केवळ रबर मागावे. ते पूर्ण ब्लेडपेक्षा बरेच स्वस्त पडते. मात्र सांगाड्याचे सांधे खिळखिळे झाले असतील, नख्या वाकल्या किंवा गंजल्या असतील, तर नवे रबरही त्यात नीट बसत नाही. अशा वेळी पूर्ण ब्लेड घेणेच शहाणपणाचे. हल्ली अनेक मोटारींना सांगाडा नसलेले, अखंड वक्र ब्लेड येतात. त्यांपैकी बहुतेकांचे रबर सुटे मिळत नाही.

रबर घेताना दोन मापे जुळावी लागतात. पहिले लांबीचे, ते सहसा इंचांत सांगतात. चालकाच्या आणि त्याच्या शेजारच्या बाजूच्या ब्लेडची लांबी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही मोजावीत. दुसरे माप नखीत बसणाऱ्या भागाच्या रुंदीचे. ते अरुंद असेल तर रबर निसटते आणि रुंद असेल तर नखीत अडकून त्याची हालचाल थांबते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुने रबर सोबत नेऊन दाखवावे. रबर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे.

बदलण्याची पद्धत

नोकदार पक्कड, धारदार कटर, जुना जाड टॉवेल आणि ओले फडके एवढे साहित्य पुरते.

१. गाडी सावलीत उभी करून चावी काढून घ्यावी. काच धुऊन त्यावर टॉवेल पसरावा. हे पाऊल कुणीही टाळू नये. ब्लेड काढलेला उघडा आर्म हातातून सुटला, तर स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटतो आणि काचेला तडा जाऊ शकतो.

२. आर्म उभा करावा. बहुतेक पिकअपमध्ये आर्मचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. ब्लेडच्या मध्यावरील प्लास्टिकची कळ दाबून ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवला, की तो आकड्यातून सुटतो. मग आर्म अलगद टॉवेलवर टेकवावा.

३. जुने रबर काढण्यापूर्वी ते नीट पाहून घ्यावे. एका टोकाला रबरात खाच असते आणि शेवटची नखी त्या खाचेत अडकलेली असते. हे टोक ब्लेडच्या कोणत्या बाजूला होते, ते लक्षात ठेवावे. शंका वाटल्यास एका वेळी एकच ब्लेड सोडवावा, म्हणजे दुसरा नमुन्यादाखल समोर राहतो.

४. खाचेचे टोक पकडीने ओढून नखीतून मोकळे करावे आणि पूर्ण पट्टी त्याच दिशेने सरकवत बाहेर काढावी.

५. रबराच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. नव्या रबरासोबत त्या आल्या नसतील, तर जुन्याच वापराव्या लागतात. म्हणून जुने रबर घाईने फेकू नये. पट्ट्यांना किंचित बाक असतो. तो काचेच्या बाकाशी जुळेल अशाच रीतीने त्या नव्या रबरात बसवाव्यात. पट्टीवर लहान खाचा असतील, तर त्या रबरावरील उंचवट्यांत बसतात. वाकलेली पट्टी सरळ करून वापरू नये.

६. नवे रबर लांब असेल, तर खाच नसलेल्या टोकाकडून, जुन्याच्या मापाने, कटरने एका घावात सरळ कापावे.

७. खाच नसलेले टोक पहिल्या नखीत घालून रबर हळूहळू पुढे सरकवावे. प्रत्येक नखीने रबराला दोन्ही बाजूंनी धरले आहे ना, हे पाहत जावे. सर्वाधिक चुका येथेच होतात: मधली एखादी नखी सुटते, वरवर सर्व ठीक दिसते आणि पहिल्याच मोठ्या पावसात रबर बाहेर लोंबू लागते. सरकवणे जड जात असेल, तर रबर पाण्याने ओले करावे. तेल अथवा ग्रीस कदापि लावू नये.

८. शेवटची नखी खाचेत ‘टक्’ करून बसली, की रबर दोन्ही दिशांनी ओढून पाहावे. ते सरकता कामा नये.

९. ब्लेड पुन्हा आर्मच्या आकड्यात अडकवावा आणि कळ बसल्याचा आवाज ऐकावा. टॉवेल काढून आर्म हाताने धरूनच काचेवर टेकवावा. काच भरपूर ओली करून वायपर आधी संथ, मग जलद गतीने चालवून पाहावा.

नवे रबर बसवूनही काच पुसली जात नसेल तर?

पाण्याऐवजी तेलकट धूसरपणा पसरत असेल, तर दोष काचेवरील थराचा आहे. डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल आणि धुण्याच्या वेळी लागलेले पॉलिश यांचा तो थर असतो. काच साफ करण्याच्या द्रवाने ती स्वच्छ करून साध्या पाण्याने धुवावी. रॉकेल, पेट्रोल वा डिझेल रबराला लागू देऊ नये. त्याने रबर फुगते आणि बिघडते.

ब्लेड थडथडत असेल, तर आर्म पिळला गेला असण्याची शक्यता असते. मध्यभागी काच पुसली जाते पण वेग वाढताच ब्लेड उचलला जातो, असे होत असेल, तर स्प्रिंग सैल झालेली असू शकते. आर्म पकडीने वाकवण्याचा मोह टाळून हे काम कारागिराकडे सोपवावे.

निगा आणि नियम

आठवड्यातून एकदा रबराची कड ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या, धुळकट काचेवर वायपर कधीही चालवू नये. आधी पाण्याचा फवारा सोडावा. फवाऱ्याच्या टाकीत स्वच्छ पाणी असावे आणि त्याची तोंडे सुईने मोकळी ठेवावीत. उन्हाळ्यात गाडी शक्यतो सावलीत उभी करावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये काच असलेल्या मोटारींना कार्यक्षम वायपर असणे आवश्यक आहे. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्रासाठीही वायपरची तपासणी होते. परंतु ही तपासणी ठरावीक कालावधीने होते आणि पाऊस दरवर्षी येतो. गाडीचा मालक एक आणि चालक दुसरा असेल, तर हे काम कुणाचे, या प्रश्नातच अर्धा पावसाळा निघून जातो. इंजिनचे तेल बदलल्याची नोंद ठेवतो, तशीच वायपरचे रबर बदलल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही. घाटात पावसाने गाठल्यावर रबर बदलावयाचे सुचून उपयोग नसतो. तेथे जवळपास दुकान नसते आणि थांबण्यास सुरक्षित जागाही नसते.