तळटीप : कोरम म्हणजे बहुमतच का?
* लेखक येथे ‘कोरम’ म्हणजे निम्म्याहून अधिक यंत्रे असे धरून चालतात. तेवढ्याची गरज नाही. होकार देणाऱ्या यंत्रांच्या कोणत्याही दोन गटांत एक तरी यंत्र सामाईक असले की पुरे. ते एका वेळी एकाच अर्जदाराला होकार देते, म्हणून दोन अर्जदार सामाईक साधन एकदम वापरू शकत नाहीत. मामोरू माएकावा यांच्या १९८५च्या रचनेत १३ यंत्रांना चार-चारांचे गट पुरतात. बहुमताला सात लागली असती. मात्र अर्जदार एकमेकांना हवे असलेले होकार अडवून बसले, तर कोंडी होते. तेव्हा दिलेला होकार परत मागण्याची सोय हवी, आणि खरी किचकट बाब तीच. एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवली, तर त्या प्रतींसाठी डेव्हिड गिफर्ड यांचा नियम (१९७९) : वाचनाला आणि लेखनाला लागणारी मते मिळून एकूण मतांहून जास्त असावीत, म्हणजे वाचणाऱ्याच्या गटात ताजी प्रत असतेच. ती कोणती, हे आवृत्ती-क्रमांकावरून कळते. — संपादक