स्प्रिंगसाठी कर्ज

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे नातेवाईक दोनच कारणांनी येतात. एक, स्वतःला कर्ज हवं म्हणून. आणि दोन, दुसऱ्या कुणाला ते मिळू नये म्हणून. गेल्या महिन्यात ही दोन्ही कारणं एकाच घरातून, एकाच दिवशी आली.

सकाळी भाचा आला. त्यानं मातीतली मोटरसायकल घेतली आहे. (म्हणजे मोटरसायकल मातीची नाही, मातीत, दगडधोंड्यांत आणि शक्यतो रस्ता नसेल तिथे चालवायची.) इतकी महागाची वस्तू घेतल्यावर माणसानं ती पुसून ठेवावी, असं आमच्या पिढीचं मत. पण भाच्याला ती घेतल्या दिवसापासून बदलायची होती. पुढच्या फोर्कात जाड स्प्रिंगा, वेगळं तेल, रुंद आणि उंच हँडल, दातेरी फूटरेस्ट, गाठींचे टायर. एकूण अंदाज अठ्ठावीस हजार. "मामा, बँकेचं नकोय, तुझंच दे," असं म्हणून त्यानं माझ्या व्याजाचाही निकाल लावला. मराठीत फसवल्या गेलेल्या माणसाला 'मामा' का म्हणतात, याचा मला त्या क्षणी उलगडा झाला.

संध्याकाळी ताईचा फोन. "तो येऊन गेला असेल. एक पैसा देऊ नकोस. आण्णांचा पाय आठवतोय ना?"

आठवतोय. आण्णा, म्हणजे आमचे वडील, भोर तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होते. विहिरीचं कर्ज, इंजिनाचं कर्ज, म्हशीचं कर्ज, यांच्या हप्त्यांमागे ते मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालत. रस्ते बैलगाडीचे, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. १९८७ सालच्या मार्चमध्ये एका ओढ्यापलीकडच्या चढावर, वळण घेताना, गाडी आडवी झाली आणि घोटा मोडला. पाय पुढे कायम थोडा बाहेर वळलेला राहिला. मी तेव्हा दुसरीत होतो. आईनं निकाल दिला, "वेडं धाडस, दुसरं काय!" आण्णांनी त्यावर कधी अपील केलं नाही.

तेव्हा भाच्याला नकार द्यायचा हे ठरलंच. पण बँकेचा माणूस फाईल केल्याशिवाय नकार देत नाही. मी कॉमर्सचा, माझा यंत्रशास्त्राशी संबंध पासबुक प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापुरता. तरी रोज रात्री जेवणानंतर या स्प्रिंगप्रकरणाची मागची पानं उलटायला लागलो. ही सवय खात्याच्या चौकशीत चांगली, पण नकार द्यायला अतिशय वाईट.

पहिल्यांदा कळलं ते हे, की आपल्याकडे जिला पाटलांची आणि फौजदारांची गाडी म्हणून मान, ती बुलेटसुद्धा एके काळी अशाच बदलाबदलीचं धाडस होती. १९४८ सालापर्यंत बहुतेक मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नसे. चाक थेट सांगाड्याला; जो काही धक्का बसेल तो सीटखालच्या दोन स्प्रिंगांनी आणि त्यावरच्या सज्जनानं वाटून घ्यायचा. इंग्लंडात 'ट्रायल्स' नावाचा एक खेळ आहे. ओढे, चिखल, खडक यांतून गाडी काढायची. वेग कुणी विचारत नाही, पण पाय जमिनीला लागला की गुण कापला, आणि गाडी थांबली तर जास्तच कापला. (आमच्या प्रोबेशनचे नियम यावरूनच घेतले असावेत.) या खेळातल्या जाणत्यांचं ठाम मत होतं की मागं स्प्रिंग लावली की चाकाची पकड गेली. धक्के खातो तोच खरा स्वार.

रॉयल एनफिल्डनं १९४८ साली मागच्या चाकाला हलता बाहू आणि तेलाचे शॉकअब्सॉर्बर लावलेली बुलेट अशाच एका ट्रायल्सला उतरवली. जाणत्यांनी माना हलवल्या. पण त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेटी होत्या, आणि १९५२ साली जॉनी ब्रिटन नावाच्या पोरानं बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल मारली. त्याचे वडील व्हिक हेही नावाजलेले ट्रायल्सवीर. म्हणजे त्या घरात या विषयावर जेवताना काय बोलणं होत असेल, याची कल्पना करून मला ताईची दया आली. पुढे हीच बुलेट मद्रासकडे आली आणि मग आपल्या गावोगावच्या चाकोऱ्यांत शिरली.

कारण साधं होतं, पण माझ्यासारख्याला ते तीन रात्री लागले. खळग्यात चाक उड्या मारतं. उडालेलं चाक हवेत असतं, आणि हवेला पकड नसते. स्प्रिंग चाकाला पुन्हा खाली दाबते. तेल त्या स्प्रिंगला 'पुरे आता' म्हणतं. म्हणजे ही सगळी खटपट बुडाच्या सुखासाठी असते हा माझा समज खोटा. चाक जमिनीवर राहावं म्हणून असते. सुख हे वरकड व्याज.

मग सॅमी मिलर भेटला, आणि माझी फाईल बिघडायला सुरुवात झाली. हा बेलफास्टचा. याच्याकडे एरियल कंपनीची ५०० सीसीची गाडी होती, नंबर जीओव्ही १३२. ती त्यानं वर्षानुवर्षं नुसती कमी करत नेली. हा भाग फायबरग्लासचा कर, तो तुकडा काप, फूटरेस्ट सरकव. आमच्या भाच्यासारखाच, फक्त मामा नसल्यामुळे हाताशी असेल त्यातून. १९५९ पासून ओळीनं अकरा वर्षं तो ब्रिटनचा विजेता होता. मधेच, १९६४ च्या अखेरीला, तो चक्क स्पेनला गेला. तिथे फ्रान्सिस्क बुल्टो नावाचा एक कारखानदार होता. आधीच्या कंपनीनं 'आता शर्यती पुरे' म्हटल्यावर बाहेर पडून त्यानं १९५८ साली बुल्टाको कंपनी काढली होती. सॅमीनं तिथे बारा दिवस मुक्काम ठोकून छोट्या २५० सीसीच्या वर्गातली, दोन टोले देणाऱ्या इंजिनाची, शंभर किलोच्या आतबाहेर वजनाची गाडी जुळवली. १९६५ साली स्कॉटलंडची ट्रायल त्यानं त्या गाडीवर जिंकली, आणि इंग्रजांच्या जाडजूड गाड्यांचा तिथला दरबार उठला. बारा दिवस! आमच्याकडे पत्ता बदलायच्या अर्जाला याहून जास्त लागतात.

वजन कमी करणं हेच इंगित, असं वाटून मी ते टिपून ठेवलं. तेवढ्यात दुसरी नोंद आली. बीएसए कंपनीनं १९६६ साली जगज्जेता जेफ स्मिथसाठी टायटॅनियमचा सांगाडा बनवला. पिसासारखा हलका, आणि खर्च विचारू नका. तो तडकायला लागला. आणि टायटॅनियमला मैदानावरच्या मिस्त्रीचं वेल्डिंग चालत नाही. विजेतेपद गेलं. हे पान मी खूण करून ठेवलं, भाच्याला दाखवायला. नकाराच्या बाजूनं एवढा एकच भक्कम पुरावा माझ्याकडे जमला होता.

तोही ल्यूसियाँ टिल्केन्सनं घालवला. हे बेल्जियममधले, लिएझचे प्राध्यापक. यांचा मुलगा मोटोक्रॉसच्या शर्यती चालवायचा. म्हणजे खडबडीत मैदानात उड्या मारत. त्या काळी मागचं चाक जेमतेम चार इंच वरखाली होई. त्यापुढे सगळा हिशेब पाठीच्या कण्यावर. आता अशा वेळी बाप काय करतो? आमच्याकडचा बाप गाडीची किल्ली लपवतो. टिल्केन्सनी मागचे दोन बुटके शॉकअब्सॉर्बर काढून टाकले आणि टाकीखाली एकच लांब आडवा बसवला. दोन्ही बाजूंना सारखी दाद देणारा, आणि चाकाला भरपूर हलू देणारा. सुझुकीच्या लोकांनी तो तपासला आणि नको म्हणाले. मग यामाहानं तो घेतला. (एका शाखेनं नाकारलेलं प्रकरण दुसरी मंजूर करते आणि पुढे तेच खातं बँकेची शान ठरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नाकारणारा बहुधा मीच असतो.) १९७३ साली स्वीडनच्या हाकान अँडरसननं यामाहावर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि ते यामाहाचं मोटोक्रॉसमधलं पहिलंच. १९७५ सालापासून तो एकटा शॉकअब्सॉर्बर दुकानात मिळायला लागला, आणि दहा वर्षांच्या आत चार इंचांचे बारा इंच झाले. आज भाच्याच्या गाडीखाली जो एकुलता एक उभा आहे, तो याच घराण्यातला.

या प्राध्यापकांनी मला फार त्रास दिला. पोर पडेल म्हणून काळजी करणारा बाप, आणि तो काळजी पान्यानं करतो. मी ताईला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला.

रविवारी भाच्याला बोलावलं, ते फाईल त्याच्या तोंडावर वाचायला. तो टेप घेऊनच आला. म्हणाला, "बस गाडीवर." मी बसलो. त्यानं मागचं चाक किती दबलं ते मोजलं. याला 'सॅग' म्हणतात. स्वार बसल्यावर चाकाच्या एकूण चालीचा साधारण तिसरा हिस्सा खर्ची पडावा, बाकी खळग्यांसाठी शिल्लक राहावा. हे मला एकदम पटलं. हे तर किमान शिल्लक ठेवण्याचं तत्त्व. "आणि मागचं जास्त दबलं तर?" मी विचारलं.

"तर गाडी मागं बसते. पुढचं हलकं होतं, फोर्क लोळतो, चाक पुढं पळतं. चढावर वळायला गेलास की पुढचं चाक वळतं, गाडी वळतच नाही. धुपकन् आडवी."

मी गाडीवरच बसून राहिलो. मग विचारलं, "चढावर? सुट्या दगडांवर?"

"तिथे तर हमखास. मागं काही लादलं असेल तर विचारूच नकोस."

आण्णांच्या गाडीला मागं कॅरिअर होतं. त्यावर वसुलीची दोन लेजरं असत. आणि त्या दिवशी, मला अगदी स्वच्छ आठवलं, तांदूळ होता. तिकडचा आंबेमोहोर; घरी पाहुणे यायचे होते म्हणून आण्णांनी रोख मोजून घेतलेलं अर्धं पोतं. रात्री कुणाच्या तरी जीपमधून आण्णा आले, त्यांच्या मागून लेजरं आली, आणि शेवटी पोतं उतरवलं. आण्णांनी पाय बघायच्या आधी लेजरं ओली झाली का ते बघितलं होतं. तो तांदूळ आम्ही चार महिने खाल्ला. घरभर वास सुटायचा. आणि पाटावर बसता येत नाही म्हणून आण्णा खुर्चीवर बसून जेवायचे, तेव्हा आई रोज एकदा म्हणायची, "एवढं जोरात चालवायचं कशाला?"

ते जोरात चालवत नव्हते. ते तांदूळ घेऊन येत होते.

मी ताईला फोन केला. या वेळी ठेवला नाही. सॅग, फोर्क, बेल्जियम, पोतं, सगळं ज्या क्रमानं सुचलं त्या क्रमानं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मऊ व्हायचा रे तो भात." आणि थोड्या वेळानं, "आईला कळायला हवं होतं."

अठ्ठावीस हजारांतले बावीस मंजूर केले. रुंद हँडल पुढच्या हप्त्यात. अटी तीन: हेल्मेट आणि गुडघ्याची ढाल असल्याशिवाय किल्ली नाही, एकट्यानं जायचं नाही, आणि मागच्या कॅरिअरला कायमची बंदी. तिसरी अट ऐकून भाचा म्हणाला, या गाडीला कॅरिअर नसतंच. मी म्हटलं, तरी लिहून दे.

नव्या स्प्रिंगा बसल्या त्या रविवारी ताई स्वतः आली. सही करायला म्हणाली, पण टेपचं एक टोक तिनंच धरलं. वाकून, चष्मा वर करून आकडा वाचला, पुन्हा वाचला. भाच्यानं मला खूण केली, एकदा तू बस, फरक बघू. मी बसलो.

"पोट आत ओढू नकोस," ताई म्हणाली, "वजन तेवढंच राहतं."