मिरजेची गीता आणि अक्षरांचे चेहरे

संगणकावर अक्षरे जुळवून माणसाचा चेहरा घडविण्याचा खेळ आता विद्यार्थ्यांच्या हाती सहज आला आहे. वेलांटीची भुवई होते, शिरोरेषेचे कपाळ होते. हा खेळ इंग्रजी टंकांच्या अनुकरणातून आला, असा समज आहे. सातारा-सांगलीकडे मराठी शिकविणाऱ्या आम्हांला मात्र त्याचे मूळ शोधताना मिरजेशी थांबावे लागते.

पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे तेथील एक तांबट पत्र्यावर कोरून छापण्याची कला शिकला. त्याच्याकडून गीता कोरवून घेण्याचे नाना फडणिसांच्या मनात होते. १८०० साली नाना निवर्तले. पुढे तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास आला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपुरात विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापून निघाले. देवनागरी अक्षरापुढे अशा दोन वाटा एकदमच उघडल्या.

मिरजेत प्रत्येक अक्षर उलटे कोरलेले, पण हाताने काढलेले होते. श्रीरामपुरात ते धातूत ओतलेले होते. जिंकले ते खिळेच, कारण एक पुस्तक छापून झाले की तेच खिळे सोडवून दुसऱ्यासाठी जुळविता येतात; कोरलेला पत्रा त्या एका पानाचाच राहतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने पुढे या खिळ्यांना देखणे रूप दिले. परंतु मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे सांभाळणाऱ्या जुळाऱ्याला अक्षराशी खेळण्यास अवसर नव्हता. साताऱ्याच्या गादीचा कारभार ज्या मोडीत चाले, ती हात न उचलता लिहावयाची लिपी. कॅरीने १८१० च्या आपल्या कोशासाठी तिचेही खिळे वापरले. तरी छापील मराठीत टिकली ती बाळबोधच.

खेळ परतला तो रेखाटलेल्या अक्षरांतून, आणि तेथेही सांगलीचा दूरचा संबंध आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगविले. त्या प्रयोगापासून वाढलेल्या मराठी रंगभूमीला विसाव्या शतकात वृत्तपत्रांतील जाहिरातींची गरज पडली. बोटभर जागेत नाटकाचा स्वभाव दाखवावयाचा, तर तयार खिळे अपुरे पडत. कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांनी नाटकांची नावे हाताने रेखाटली. नाटक गंभीर की विनोदी, हे त्या नावाच्या वळणावरूनच प्रेक्षकाला उमगे. व्यक्तिचित्र म्हणतात ते याहून वेगळे काय असते? र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी तर कवितेलाच दृश्यरूप दिले, आणि पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा टंकही त्यांनीच घडविला. अक्षराशी मनसोक्त खेळणाऱ्या याच हाताने लक्षावधींच्या रोजच्या वापरातले अक्षरही दिले, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

आज तयार टंक ताणून चेहरे करणाऱ्या मुलांना आम्ही अडवीत नाही. मात्र ‘श’ची गाठ कोठून सुरू होते आणि ‘ळ’ कोणत्या बाजूने वळतो, हे अनेकांना सांगता येत नाही. कारण त्यांनी तो कित्येक महिन्यांत हाताने लिहिलेलाच नसतो. म्हणून पहिल्या तासाला आम्ही त्यांच्या हाती बोरू देतो. संगणक दुसऱ्या तासाला.